पोकलेन वाहायला पुलर कोणता घ्यायचा: वजन, घाट आणि क्राऊन-पिनियनचं गणित

पहिला पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, घेताना मी शोरूममध्ये एकच गोष्ट विचारली होती, हॉर्सपॉवर किती. तीन महिन्यांनी सिंधुदुर्गातल्या एका चिऱ्याच्या खाणीत, तोंडाशी असलेल्या जेमतेम दीडशे फुटांच्या चढावर तीच गाडी अडकली. पाठीवर 20 टनी पोकलेन. इंजिन तक्रार करत नव्हतं, पण मागची चाकं जागच्या जागी फिरून तांबडी माती उडवत होती आणि क्लच जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला होता. आमचे चालक, त्यांना सगळे मामा म्हणतात, खाली उतरले. चाकाखालची ओलसर माती मुठीत दाबून बघितली आणि म्हणाले, "शेठ, इंजिन कमी पडलं नाही. या कामाला ही गाडीच नव्हती."

त्या दिवशी पोकलेन खाली उतरवून स्वतःच्या चेनवर वर चालवत नेला. दिवस वाया गेला आणि क्लच प्लेट नवीन टाकावी लागली. तेव्हापासून गाडी निवडायचा क्रम मी उलटा केला: आधी यंत्र, मग रस्ता, मग ट्रेलर आणि सगळ्यात शेवटी पुलर आणि त्याचे गिअर. पोकलेन, डोझर, क्रशरचे भाग किंवा ड्रिल रिग वाहायच्या धंद्यात जे नव्याने येत आहेत, त्यांच्यासाठी तोच क्रम इथे मांडतो.

यंत्राचं खरं वजन

मालक फोनवर "वीस टनी आहे" म्हणतो तेव्हा तो यंत्राचा वर्ग सांगत असतो, वजन नाही. 20 टनी वर्गातला पोकलेन भरलेल्या टाकीसह 20 ते 22 टनांच्या दरम्यान कुठेही असतो. त्यात रॉक ब्रेकर जोडलेला असेल आणि बकेट शेजारी ठेवून न्यायची असेल, तर साधारण दीड टन वाढतो. पावसाळ्यात खाणीतून निघालेल्या यंत्राच्या चेनमध्ये आणि रोलरवर चिकटलेला चिखल काही क्विंटल भरतो. तो खाणीतच फावड्याने काढायला लावा. वजन कमी होतंच, शिवाय लोबेडवर, म्हणजे यंत्र वाहायच्या ठेंगण्या ट्रेलरवर, चढताना चेन घसरत नाही.

यंत्राच्या पाटीवरचा नंबर आणि मॉडेल मागून घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकातलं वजन काढा, त्यात जोडणीचं वजन मिळवा. पहिल्या फेरीला शक्य असेल तर वाटेतल्या काट्यावर गाडी घ्या. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर उभं राहतं, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही.

माप: वजनापेक्षा जास्त अडवणारी गोष्ट

आपल्या नियमांप्रमाणे मालवाहू वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते. 20 टनी पोकलेनची रुंदी, चेनच्या पट्ट्या (शू) 600 मिलिमीटरच्या असतील तर, एका चेनच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत साधारण 2.8 ते 3 मीटर भरते. म्हणजे रोज रस्त्यावर दिसणारा हा साधा पोकलेनसुद्धा मुळात जादा मापाचा माल आहे. राष्ट्रीय महामार्गावरून न्यायचा तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. ती काढताना यंत्राचं आणि गाडीचं वजन, माप, ॲक्सल आणि मार्ग हे सगळं भरावं लागतं. परवानगीचा खर्च आणि दिवस भाड्यात धरा. "कुणी विचारत नाही" यावर धंदा उभा करू नका. अपघात झाला की सगळ्यात आधी हाच कागद मागितला जातो.

उंची स्वतः मोजा. 20 टनी यंत्र बूम दुमडून 3 मीटरच्या आसपास असतं. लोबेडचा डेक जमिनीपासून 1 मीटर धरला तर एकूण 4 मीटर. साध्या सपाट ट्रेलरचा डेक दीड मीटरच्या आसपास असतो. त्यावर हेच यंत्र चढवलं की साडेचार मीटर होतात आणि गावातल्या विजेच्या तारा, रेल्वेखालचे बोगदे, कमानी सगळंच आडवं येतं. सपाट ट्रेलर स्वस्त पडतो म्हणून त्यावर पोकलेन नेणारे आहेत. मी ते करत नाही.

माप किती अडवतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांना माहीत असायला हवं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी आपल्याच राज्यातून एक प्रचंड ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायची टाकी) निघाला. जुलै 2019 मध्ये निघालेली ती 74 चाकांची गाडी जुलै 2020 मध्ये पोहोचली. वजन 70 टनांच्या आसपास, उंची साडेसात मीटर. 70 टन हे अवजड वाहतुकीत फार मोठं वजन नाही. पण साडेसात मीटर उंचीसाठी वाटेतल्या तारा काढाव्या लागल्या, झाडं छाटावी लागली, आणि गाडी दिवसाला जेमतेम पाच-सहा किलोमीटर सरकायची. मधे लॉकडाऊनही आला. त्या पुलरची ताकद कमी होती असं कुणीच म्हणणार नाही.

रस्त्यातले सगळ्यात वाईट दोनशे मीटर

पुण्याहून कोल्हापूरला पोकलेन न्यायचा तर दोनशे किलोमीटरहून जास्त महामार्ग आहे. पण गाडीची निवड त्या महामार्गावर ठरत नाही. ती ठरते खंबाटकीच्या चढावर आणि त्याहून जास्त, शेवटी साइटवर उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. म्हणून मी फेरी घेण्याआधी मोटरसायकलवर किंवा जीपने तो शेवटचा तुकडा बघून येतो. लांब असेल तर साइटवरच्या माणसाला व्हिडिओ काढून पाठवायला सांगतो आणि व्हिडिओत एखादी उभी गाडी यायलाच हवी, म्हणजे चढाचा अंदाज येतो.

चढ मोजायला महागडं काही लागत नाही. दहा मीटर दोरी आडवी ताणा, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने लेव्हल बघा. दहा मीटरला एक मीटर चढ म्हणजे 10 टक्के. मोबाइलमधला कोन मोजायचा ॲपही चालतो. 4 अंश म्हणजे 7 टक्के, पावणेसहा अंश म्हणजे 10 टक्के.

भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात डोंगराळ भागातल्या रस्त्याचा सर्वसाधारण चढ 5 टक्के, मर्यादा 6 आणि अपवाद म्हणून 7 टक्के धरलेला आहे. जास्त कडक डोंगरात हेच आकडे 6, 7 आणि 8 होतात. हायवेवरचे घाट यात बसतात. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा जुन्या घाटांत मात्र हेअरपिन वळणाच्या आतल्या बाजूचा चढ मधल्या रेषेपेक्षा बराच जास्त असतो, आणि लांब ट्रेलरची मागची चाकं वळताना नेमकी आतल्या बाजूलाच ओढली जातात. खाणीच्या रॅम्पला तर कसलंच मानक नसतं. 12 ते 15 टक्के सहज सापडतात आणि वर माती मऊ.

पावसाळ्याचं वेगळं बघा. कोकणात उतरणारे काही घाट, वरंधा त्यातला, पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद ठेवले जातात. जूनमध्ये घेतलेलं काम वीस किलोमीटरच्या ऐवजी शंभर किलोमीटरच्या वळशाने करावं लागलं, तर डिझेलमध्येच भाडं संपतं.

कागदावर किती टन बसतात

जुलै 2018 मध्ये ॲक्सलची वजनं वाढवली गेली. चार टायरच्या एका ॲक्सलला 11.5 टन, जोड ॲक्सलला 21 टन, तीन ॲक्सलच्या संचाला 27 टन. पुढच्या स्टिअरिंग ॲक्सलला 7 टन धरा.

आता बेरीज बघा. दोन ॲक्सलचा पुलर, म्हणजे 4x2 (चाकांच्या चार जागा, त्यातल्या दोन इंजिनाने फिरणाऱ्या), आणि तीन ॲक्सलचा लोबेड: 7 + 11.5 + 27 = 45.5 टन. तीन ॲक्सलचा 6x4 पुलर आणि तीन ॲक्सलचा लोबेड: 7 + 21 + 27 = 55 टन. यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. चांगला मजबूत तीन ॲक्सलचा लोबेड 12 टनांच्या आसपास, 4x2 पुलर साडेसात, 6x4 पुलर साडेनऊ-दहा. म्हणजे 4x2 वर 26 टनांपर्यंत यंत्र बसतं, 6x4 वर 33 टनांपर्यंत. 20 टनी वर्ग कागदावर दोन्हींवर बसतो, 30 टनी वर्गाला 6x4 शिवाय पर्याय नाही. त्याच्या वरची यंत्रं सुटी करून न्यायची, काउंटरवेट आणि बूम वेगळ्या गाडीवर. तेही जमत नसेल तर हायड्रॉलिक मॉड्युलर ट्रेलर असलेल्या वाहतूकदाराकडे काम द्यायचं. तो धंदाच वेगळा आहे.

एकूण वजन बसलं म्हणून प्रत्येक ॲक्सल बसेलच असं नाही. किंगपिनपासून (ट्रेलर पुलरला ज्यावर जोडला जातो तो खुंटा) ट्रेलरच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत 9 मीटर अंतर असेल, तर 21 टनांचं यंत्र डेकवर फक्त 1 मीटर पुढे सरकवलं की सव्वादोन टनांहून जास्त वजन ट्रेलरवरून पुलरवर येतं. यंत्र कुठे उभं करायचं याच्या खुणा पहिल्या फेरीला काट्यावर एकेक ॲक्सल तोलून ठरवा आणि डेकच्या कडेला पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवा. आमच्या लोबेडवर तीन रेघा आहेत, तीन वर्गांच्या यंत्रांसाठी. नवा ऑपरेटर आला तरी चुकत नाही.

4x2 की 6x4

माझी खाणीतली चूक इथे झाली होती. कागदावर 4x2 बसत होता, स्वस्त होता, डिझेल कमी खात होता. पण चाकाला ओढ किती मिळते, हे इंजिन एकटं ठरवत नाही. फिरणाऱ्या चाकांवर वजन किती आणि खालची जमीन कशी, यावर त्याची मर्यादा पडते.

ही आकडेमोड एकदा स्वतः करून बघा. कच्च्या मातीवर गाडी नुसती चालवायलाच एकूण वजनाच्या 3 टक्के ओढ लागते. 10 टक्के चढ धरला की एकूण 13 टक्के. 22.5 टनांचं यंत्र, 12 टनांचा लोबेड आणि साडेसात टनांचा 4x2 मिळून 42 टन. त्याच्या 13 टक्के म्हणजे साधारण साडेपाच टन ओढ हवी. 4x2 च्या मागच्या ॲक्सलवर 11.5 टन आहेत. घट्ट, कोरड्या मातीवर पकड 0.4 धरली तर चाक जास्तीत जास्त 4.6 टन ओढू शकतं. त्यापुढे फिरतं, पण पुढे जात नाही. 6x4 मध्ये एकूण वजन 44 टनांच्या वर जातं, ओढ 5.8 टन लागते. पण फिरणाऱ्या चाकांवर 21 टन आहेत, त्यामुळे 8.4 टनांपर्यंत पकड मिळते. माती ओली होऊन पकड 0.3 वर आली तरी 6.3 टन शिल्लक राहतात.

म्हणून माझं सरळ मत आहे: तुमची यंत्रं गोदामापासून कारखान्यापर्यंत डांबरी रस्त्यानेच जात असतील तर 4x2 घ्या, त्यात वाईट काही नाही. खाण, धरण, बोगदा, पवनचक्की किंवा घाटातलं रस्त्याचं काम यांतलं एकही गिऱ्हाईक असेल तर 6x4 घ्या, आणि डिफरन्शियल लॉक (चाकं एकमेकांना बांधून एकत्र फिरवणारा) दोन्ही प्रकारचा असल्याची खात्री करा: दोन ॲक्सलच्या मधला आणि दोन चाकांमधला. लॉक चिखलात शिरण्याआधी, गाडी उभी असताना लावायचा. चाक फिरायला लागल्यावर लावला तर दात तुटतात. आणि पक्का रस्ता लागताच काढायचा, नाही तर वळताना टायर घासतात आणि ॲक्सलवर मरणाचा ताण येतो.

गिअरचं गणित

चढावर चाकाला मिळणारी ओढ अशी निघते: इंजिनचा टॉर्क (फिरवायची ताकद), गुणिले गिअरचं प्रमाण, गुणिले क्राऊन-पिनियनचं प्रमाण (मागच्या ॲक्सलमधली शेवटची दातेरी जोडी, क्राऊनचे दात भागिले पिनियनचे), त्यातून वाटेतल्या घर्षणाचे 15 टक्के वजा, भागिले टायरची त्रिज्या. एवढंच.

55 टनी वर्गातल्या पुलरना साधारण 280 ते 300 हॉर्सपॉवर आणि 1100 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क असतो. 1100 न्यूटन-मीटर म्हणजे 112 किलोग्रॅम-मीटर. 295/90 आर 20 टायरची भाराखालची त्रिज्या अर्धा मीटर धरा. नऊ गिअरच्या बॉक्समध्ये क्रॉलर (सगळ्यात खालचा गिअर) साधारण 12.7, पहिला 8.8, दुसरा 6.3, तिसरा 4.6 आणि टॉप 1 असं प्रमाण असतं. क्राऊनला 37 दात आणि पिनियनला 7 असतील तर प्रमाण 5.29. क्राऊन 37 आणि पिनियन 9 असेल तर 4.11.

घाटात 7 टक्के चढ आणि डांबरावरचा 1 टक्का विरोध धरून 55 टनांना 4.4 टन ओढ लागते.

5.29 च्या क्राऊनवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडीला 4.6 टन ओढ मिळते. म्हणजे इंजिन सर्वात जास्त टॉर्कच्या फेऱ्यांवर असेल तर तिसऱ्यात गाडी कशीबशी निघते, वेग ताशी 11 किलोमीटर. दुसऱ्यात 6.3 टन मिळतात आणि 8 किलोमीटरच्या वेगाने ती बिनघोर चढते. 4.11 च्या क्राऊनवर तिसऱ्यात फक्त 3.6 टन मिळतात, गाडी चढत नाही. दुसऱ्यात 4.9 टन, म्हणजे जेमतेम. हेअरपिनवर चढ 9 टक्के झाला की पहिल्यात यावं लागतं, आणि वळणाच्या मधोमध गिअर खाली घेणं म्हणजे चालकाच्या पोटात गोळा. त्या एका क्षणात गाडी थांबली तर पुन्हा उचलणं हे वेगळंच संकट असतं.

ते संकट मोजून बघण्यासारखं आहे, कारण माहितीपत्रकात ते सहसा सापडत नाही. उभी गाडी उचलताना क्लच अर्धा सोडलेला असतो आणि इंजिन हजाराच्या खालच्या फेऱ्यांवर असतं. तिथे टॉर्क 1100 मिळत नाही, 700 धरा, म्हणजे 71 किलोग्रॅम-मीटर. क्रॉलरमध्ये 5.29 च्या क्राऊनने ओढ 8.1 टन. आता 55 टन वजन घेऊन 12 टक्क्यांच्या कच्च्या मातीच्या रॅम्पवर थांबलात तर लागतात सव्वाआठ टन. गाडी उचलणार नाही, क्लच जळेल. क्राऊन 41 आणि पिनियन 7, म्हणजे 5.86 असेल तर जवळपास 9 टन मिळतात आणि गाडी निघते, अर्थात 21 टनांखालची माती कोरडी असेल आणि पकड धरत असेल तरच. इतक्या काठावरच्या रॅम्पवर मी आता गाडी घालतच नाही. यंत्र डांबरावर उतरवतो आणि चेनवर चालवत आत नेतो. पोकलेनला तो रॅम्प काहीच वाटत नाही.

मग सगळ्यांनी 5.86 का घेऊ नये? सपाट रस्त्यावरचा वेग बघा. टॉप गिअरमध्ये 1400 फेऱ्यांवर 5.86 ची गाडी ताशी 45 किलोमीटर जाते, 5.29 ची 50, आणि 4.11 ची 64. बंदरापासून गोदामापर्यंत कंटेनर वाहणाऱ्याला 4.11 परवडतो, कारण तो दिवसभर टॉप गिअरमध्ये असतो. लोबेडला मात्र जादा मापाचा माल घेऊन 60 च्या वर जायचं कारणच नाही, आणि जाऊही नये. 5.29 ला 1700 फेऱ्यांवर 60 चा वेग मिळतो. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात फिरणाऱ्या लोबेडसाठी म्हणून मी 5.29 च्या आसपासचा क्राऊन मागतो. काम बहुतेक खाणींतच असेल तर 5.86 किंवा त्याहून जास्त. विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर पवनचक्की किंवा सोलरची कामं असतील तर 4.5 च्या आसपास चालेल.

गाडी बुक करताना क्राऊन-पिनियनचं प्रमाण लेखी मागा. विक्रेत्याकडे बहुधा जी गाडी तयार उभी असते तीच तुम्हाला दाखवली जाते, आणि ती बहुतेक कंटेनरवाल्यांसाठी मागवलेली असते. माझ्या दुसऱ्या पुलरच्या वेळी मला "सगळ्यांना एकच येतो" असं सांगण्यात आलं होतं. मामांनी मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगवरची पाटी पुसून वाचली तेव्हा वेगळाच आकडा निघाला. आम्ही ती गाडी सोडली आणि दीड महिना थांबलो. तो दीड महिना वसूल झाला.

हब रिडक्शनचे ॲक्सल मिळत असतील तर विचार करा. त्यात प्रमाणाचा काही भाग चाकाच्या हबमध्ये होतो, त्यामुळे क्राऊन-पिनियनवर आणि ॲक्सलच्या शाफ्टवर ताण कमी येतो. खाणीच्या कामाला हे फार टिकाऊ. लांबच्या हायवे फेऱ्यांना मात्र थोडं डिझेल जास्त जातं आणि हबच्या तेलाकडे सतत लक्ष ठेवावं लागतं.

आपोआप गिअर बदलणारा बॉक्स घ्यावा का, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. सरावलेला चालक मिळणं कठीण झालंय, त्यामुळे तो घेण्यात चूक नाही. फक्त घाटात त्याला हाताने गिअर धरून ठेवायची सोय हवी. तो स्वतःच्या मनाने वळणावर वरचा गिअर टाकतो, आणि गाडी तिथेच श्वास टाकते.

उतार

चढाचं गणित चुकलं तर गाडी उभी राहते. उताराचं चुकलं तर माणसं जातात.

55 टनांची गाडी 6 टक्के उतारावरून ताशी 20 किलोमीटरने उतरत असेल, तर वेग तेवढाच ठेवायला सतत 150 किलोवॅट, म्हणजे 200 हॉर्सपॉवर इतकी ताकद कुठेतरी जिरवावी लागते. वेग 40 केला की 400 हॉर्सपॉवर. 10 केला की 100. ही ताकद ब्रेकच्या ड्रममध्ये जिरवली तर ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होऊन पकड सोडतो, आणि चालक पाय पूर्ण दाबून बसला तरी गाडी थांबत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर झालेले अपघात पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हे त्यामागचं वारंवार सांगितलं गेलेलं कारण आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक शून्य होतो आणि सगळा भार ड्रमवर येतो.

म्हणून गाडी घेताना एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाने वेग रोखणारा) आहे एवढ्यावर समाधान मानू नका. इंजिन ब्रेक किती किलोवॅटचा हे विचारा, आणि घाट नेहमीचा असेल तर रिटार्डर (लायनर न घासता वेग रोखणारा जादा ब्रेक) बसवलेली गाडी बघा. पैसे जास्त जातात, पण लायनर आणि टायरमध्ये बरेच परत येतात. इथे क्राऊनचं प्रमाणही पुन्हा मदतीला येतं. 5.29 ची गाडी त्याच वेगाला इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरवते, त्यामुळे इंजिनाचा ब्रेक जास्त जोर धरतो.

उतरायची रीत सांगतो. घाटाच्या माथ्यावर थांबायचं. हवेचा दाब पूर्ण भरू द्यायचा. चढताना जो गिअर लागला असता तो, किंवा त्याच्याही खालचा, माथ्यावरच टाकायचा, उतारावर नाही. इंजिन ब्रेक लावून गाडी सोडायची. फेऱ्या वाढल्या तर पाय एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. हलका पाय ठेवून बसलेला चालक ब्रेक जाळतो.

मधल्या जागेवर थांबून क्लीनरने प्रत्येक चाकाशी जायचं आणि तळहात हबपासून वीतभर लांब धरायचा. हात लावायचा नाही, भाजतो. आमचा एक पोरगा बारा चाकांशी असा हात धरत गेला आणि ट्रेलरच्या मधल्या ॲक्सलला, डाव्या बाजूला थांबला. तिथली उष्णता बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. ब्रेक चिकटून बसला होता. अर्धा तास थांबून, ॲडजस्ट करून मग उतरलो. उष्णता मोजायची छोटी बंदूक हल्ली स्वस्तात मिळते, तीही केबिनमध्ये ठेवतो. तरी हात धरायची सवय मी मोडू दिलेली नाही.

लोबेड

यावर फार लिहीत नाही, कारण चांगले बांधणारे आपल्याकडे आहेत. चार गोष्टी बघा. डेकची उंची भाराखाली किती राहते, रिकामी नव्हे. रॅम्पचा कोन, कारण आखूड आणि उभा रॅम्प असेल तर यंत्र टोकावर येऊन आपटतं आणि डेकच्या बीमला चीर जाते. किंगपिन 50 मिलिमीटरचा की 90 चा, आणि पुलरचं फिफ्थ व्हील (किंगपिन बसतो ती थाळी) त्याच मापाचं आहे का. आणि गूजनेकच्या, म्हणजे लोबेडच्या पुढच्या वर उचललेल्या भागाच्या, वळणाजवळचं वेल्डिंग. जुना लोबेड घेताना तिथला रंग खरवडून बघा. ताजा रंग फक्त तेवढ्याच भागात असेल तर सौदा मोडा.

बांधणी

यंत्र रेघेवर आलं की बूम खाली घेऊन बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवायची, फिरण्याचा लॉक पिन घालायचा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब सोडायचा. नंतर चार कोपऱ्यांना चार साखळ्या, ग्रेड 80 च्या, आणि प्रत्येकीला ती आवळायचा रॅचेट बाइंडर. पुढच्या दोन पुढे ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे ओढणाऱ्या. पाचवी बूम किंवा बकेटवर. नायलॉनचे पट्टे यंत्राच्या धारदार कडेवर कापले जातात, ते यासाठी वापरू नका. चेनच्या पुढे-मागे ठोकळे. स्टीलच्या डेकवर स्टीलची चेन ओली असताना साबणासारखी घसरते, म्हणून डेकवर लाकडी फळ्या हव्यातच.

दहा किलोमीटर गेल्यावर थांबा आणि बाइंडर पुन्हा आवळा. यंत्र पहिल्या काही खड्ड्यांत बसतं आणि साखळ्या ढिल्या होतात. बाजूला बाहेर आलेल्या चेनच्या टोकांना लाल झेंडे, रात्री दिवे, मागे मोठ्या अक्षरांत फलक. मोठ्या यंत्राबरोबर पुढे एक जीप. जीपमधल्या माणसाजवळ तारा उचलायचा लाकडी किंवा फायबरचा बांबू देण्याची पद्धत आहे. विजेची तार कुणालाही स्वतः उचलू देऊ नका. वायरमनला बोलवा आणि लाइन बंद झाल्याचं त्याच्या तोंडून ऐका.

जुना पुलर बघताना

नवा 6x4 सगळ्यांना परवडत नाही. हाऊसिंगवरची पाटी वाचा. पाटी नसेल तर मागची दोन्ही चाकं एकाच बाजूला फिरतील अशी उचला, चाकाचा एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजा. सव्वापाच फेरे झाले तर प्रमाण 5.29 च्या आसपास. डिफरन्शियलच्या तेलाच्या बोल्टला चुंबक असतो, त्यावर पावडर चालेल, तुकडे चालणार नाहीत. दोन्ही मागच्या ॲक्सलचं प्रमाण सारखं आहे का हे जरूर तपासा. एकाचा क्राऊन बदलताना वेगळ्याच दातांचा टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तशी गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःशीच झगडत चालते आणि मधलं डिफरन्शियल काही महिन्यांत संपवते.

चाचणी रिकाम्या गाडीवर घेऊ नका. मालकाला सांगा, भाडं मी देतो, पण भरलेला लोबेड लावून जवळच्या चढावर नेऊ. अर्ध्या चढावर गाडी थांबवा, हँडब्रेक लावा, पाच मिनिटं उभी राहू द्या आणि क्रॉलरमध्ये उचला. क्लच थरथरतो का, वास येतो का, गाडी मागे किती सरकते, आणि वर पोहोचल्यावर पाण्याचा काटा कुठे आहे, एवढं बघितलं की त्या गाडीबद्दलचं बहुतेक सगळं कळतं. जो मालक या चाचणीला नको म्हणतो, त्याच्याकडून मी गाडी घेत नाही.